थांबून बोलणारा म्हातारा

मंगळवारी दुपारी अडीच वाजता एक बाई आमच्या कुडाळच्या कार्यालयात आली, वर्तमानपत्राचं कात्रण तिने माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच विचारलं, "ह्यो माणूस खंय आसा?"

कात्रण आमच्याच अंकातलं होतं. 'अजबखाना' नावाची चौकट, मथळा 'समुद्राशी बोलणारा म्हातारा'.

"बसा," मी म्हटलं.

"बसूक नाय इलंय."

"वयनी, बस गो," तिच्यामागून एक माणूस म्हणाला. तो तिचा दीर, रघुवीर तारी. तो स्वतः बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे माफी मागितल्यासारखं पाहिलं. बाई मात्र उभीच राहिली. पन्नाशीला टेकलेली, किडकिडीत, एका हाताने गळ्यातलं मंगळसूत्र धरलेली. नाव सत्यवती.

मी त्या जिल्हा आवृत्तीची वृत्तसंपादक होते. बार्शीहून बदली होऊन आले त्याला दोन वर्षं झाली होती. अंकातली प्रत्येक ओळ माझ्या हाताखालून जायची, अजबखाना सोडून. ती चौकट थेट पानावर लागायची. तिला कोणी हात लावायचा नाही, असा निवासी संपादक परुळेकर यांचा हुकूम होता. त्यामुळे तो मजकूर मी त्या दुपारी पहिल्यांदाच नीट वाचला:

'ब्राझीलच्या एका बंदरात, वाळूत रुतलेल्या जुन्या होडीत एक म्हातारा राहतो. तो कुठून आला, कोणाला ठाऊक नाही. त्याची भाषा तिथे कोणालाच कळत नाही. रोज सकाळी तो समुद्राकडे तोंड करून, हात जोडून उभा राहतो आणि एकेक वाक्य बोलून थांबतो, जणू कोणीतरी उत्तर देणार आहे. हल्ली बंदरावरचे हमाल गंमत म्हणून त्याला हो, हो म्हणतात. तेवढ्याने समाधान पावून तो पुढचं वाक्य बोलतो.'

पुढे मानवी मनाच्या अथांगपणाबद्दल दोन परिच्छेद होते.

"तो येडो नाय, मॅडम," सत्यवती म्हणाली. "तो गाराणा घालता. एक वाक्य बोलल्यार थांबूचाच लागता. मागसून लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणूक होया. थयसर कोण म्हणतलो?"

मग रघुवीरने सगळं सांगितलं. जनार्दन तारी, त्याचा थोरला भाऊ, मालवाहू जहाजावर खलाशी होता. बारा वर्षांपूर्वी ब्राझीलच्या एका बंदरात जहाज लागलं असताना तो खाली उतरला आणि परत आला नाही. बुडाला, पळाला की कोणी मारला, हे कंपनीने कधी सांगितलं नाही. त्यांच्या गावात पावसाळ्यानंतर होड्या पाण्यात लोटण्याआधी गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान तारींच्या घराकडे. जनार्दन तो मान चालवायचा. जहाजावरसुद्धा रोज सकाळी घालायचा म्हणे, आणि बरोबरचे गोवेकर खलाशी हसत हसत 'व्हय म्हाराजा' म्हणायचे.

"पन माका नाय वाटत, मॅडम," रघुवीर म्हणाला. "दादा आज चोपन वर्सांचो असतो. पेपरात म्हातारो लिवलाहा."

"बारा वर्सां खाऱ्या वाऱ्यात रवलेलो माणूस म्हातारोच दिसतलो," सत्यवती म्हणाली.

"तुका दिसूक होया म्हणान दिसता."

"आणि तुका नको म्हणान दिसना नाय."

त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली. मग खाली बघून म्हणाला, "येत्या अवसेक विधी आसा. बारा वर्सां भरली. पळसाची पाना आणून ठेवलंय, भटजीक सांगलंय. माझ्या चेडवाचा लगीन ठरलाहा. घरातलो माणूस असो अर्धो टांगून ठेवन कार्य कसा करूचा? जाणती माणसा नको म्हणतत."

पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हा त्या बेपत्ता माणसाचा अंत्यविधी. अमावस्या शुक्रवारी होती.

"शुक्रवारी माझ्या गळ्यातला काढतले," सत्यवती म्हणाली. "काढूक माझी ना नाय. पन तो मेलो म्हणान काढूचा. जित्या माणसाक आग देवन नाय."

मी सुजय टिपणीसला बोलावलं.

टिपणीस हा अजबखान्याचा कर्ता. वय चौतीस. गेल्या तीन वर्षांत तो बातमीसाठी क्वचितच उठला होता. सकाळी दहाला यायचा, कानात इअरफोनची बोंडं घालायचा आणि जगभरच्या संकेतस्थळांवरून दोन डोक्यांचं वासरू, झाडाशी लग्न केलेली बाई, चाळीस वर्षं न झोपलेला शिंपी असलं काहीबाही उचलायचा. याला तो 'क्युरेट करणं' म्हणायचा. तोच माल संध्याकाळी अकरा व्हॉट्सॲप गटांवर जायचा. त्या गटांतले निवृत्त मास्तर आणि बँकवाले अंगठे दाखवायचे, आणि ते अंगठे टिपणीस परुळेकरांना दाखवायचा. जिल्ह्यातली एक शाळा गळत होती, त्याची बातमी मी तीनदा लावली. तिला एकही अंगठा मिळाला नव्हता.

त्याने सगळं ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. "काय सांगता! म्हणजे विषय भिडला तर! ताई, आधी एक फोटो काढू? कात्रण असं छातीशी धरा. नाही, जरा वर. मंगळसूत्र दिसू दे."

"फोटो मागसून. बंदराचा नाव सांगा."

"नाव पोर्तुगीज होतं. लांबलचक. वाचकांना उगाच त्रास नको म्हणून गाळलं."

"दुवा दे," मी म्हटलं.

"मॅडम, रोज शेकडो साइट बघतो मी. आता कुठला दुवा आठवणार? आणि खरं सांगू, नवलाचं मूळ विचारू नये."

"नदीचं आणि ऋषीचं विचारू नये म्हणतात. तू कोण?"

तो हसला. मी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं.

रघुवीर उठला. हा माणूस खरं तर कात्रण खोटं ठरवून घ्यायला आला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "साहेब, एकच इचारतंय. ह्या खरा?"

"शंभर टक्के. नेटवर आहे."

"हात जोडना, थांबना, सगळा?"

"शब्द न् शब्द. वाटल्यास शपथ घेतो."

"घेवा."

टिपणीसने गळ्याच्या कातडीला चिमटा लावून शपथ घेतली, कॉलेजातली पोरं घेतात तशी. रघुवीर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग टोपी डोक्यावर ठेवून वहिनीला म्हणाला, "चल. अवसेचा ऱ्हवांदे."

जाता जाता तिने फोटो काढू दिला. पाच वाजायच्या आत तो अकरा गटांवर पोचला. वर मजकूर: 'अजबखान्यामुळे बारा वर्षांनी नवरा सापडला?' शेवटचं प्रश्नचिन्ह हे आमच्या धंद्यातलं चिलखत. ते लावलं की आत वाटेल तो नागडा उभा राहू शकतो.

बुधवारी सकाळी मी टिपणीसच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्याने आठवडाभरात उघडलेली पानं एकेक करून उघडायला लावली. तासाभराने मूळ सापडलं. एका इंग्रजी संकेतस्थळावर सहा ओळी होत्या. उरुग्वेतल्या एका लहान बंदरात रुतलेल्या होडीत एक म्हातारा राहतो. काही वर्षांपूर्वी आला. त्याची भाषा कोणी ओळखू शकलेलं नाही. मुलं त्याला पाव नेऊन देतात. संपलं. समुद्राकडे तोंड नाही, जोडलेले हात नाहीत, हमाल नाहीत.

"थांबणं कुठाय?"

"दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर असेल."

"दाखव."

"मॅडम, चौकट केवढी आणि मजकूर केवढा! सहा ओळींत काय भरणार? थोडी जोड द्यावी लागते. सगळेच देतात."

"जोड कुठून आणलीस?"

तो खरोखरच विचारात पडला. "सुचलं," म्हणाला.

"आणि उरुग्वेचं ब्राझील?"

"उरुग्वे कोणाला कळतं इथे? ब्राझील म्हटलं की फुटबॉल. लगेच डोळ्यांसमोर येतं."

सत्यवतीच्या डोळ्यांसमोरही लगेच आलं होतं.

कुठून सुचलं, ते मला दुपारी सापडलं. फेब्रुवारीत एका जत्रेला पाठवायला बातमीदार नव्हता, म्हणून मी टिपणीसला जबरदस्तीने धाडलं होतं. त्याने आणलेली बातमी मी जुन्या अंकांतून काढली. 'मानकरी हात जोडून एकेक वाक्य बोलतो आणि थांबतो, जणू कोणीतरी उत्तर देणार आहे. मग जमाव हुंकार देतो.' उपमा तीच, शब्द तेच. आमच्या जिल्ह्यातल्या देवळातून गाऱ्हाणं उचलून त्याने ब्राझीलला नेऊन ठेवलं होतं आणि आमच्याच जिल्ह्याला नवल म्हणून परत विकलं होतं. आपण काय केलं, हे त्याला ठाऊकही नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असावं लागतं. टिपणीसला तेवढीही तोशीस पडलेली नव्हती.

दोन्ही कात्रणं शेजारीशेजारी ठेवून मी परुळेकरांच्या खोलीत गेले.

"दुरुस्ती?" ते म्हणाले. "अजबखान्याची? ब्राझीलवाले नोटीस पाठवणार आहेत का आपल्याला?"

"ती बाई पाठवणार नाही. म्हणूनच छापायला हवी."

"लोहोकरे, ही करमणूक आहे. करमणुकीत खरंखोटं बघायचं नसतं."

"मग टिपणीसने शपथ कशाला घेतली?"

"दारात आलेल्या बाईला काय तोंडावर खोटं आहे म्हणून सांगायचं?" ते मनापासून दुखावले. "माणुसकी आहे की नाही? आणि कालच्या फोटोला प्रतिसाद बघा. दुबईहून फोन आलाय."

टिपणीस दारात उभा होता. "मॅडमना एवढं वाटत असेल तर त्यांनीच जाऊन सांगावं," तो म्हणाला. "मी नाही कोणाची आशा मोडणार."

गुरुवारी सकाळी मी एसटीने मालवण गाठलं आणि तिथून रिक्षाने तारींच्या गावी गेले. खाडीच्या तोंडाशी वीस-पंचवीस घरं. वाटेत मी हिशेब मांडून पाहिला. मी खरं सांगितलं तर उद्या तिच्या गळ्यातलं उतरणार. नाही सांगितलं तर टिपणीसची शपथ माझीही होणार.

अंगणात सत्यवती सुकत घातलेले बांगडे परतत होती. रघुवीर पडवीत जाळ्याला गाठी मारत बसला होता. त्याची लग्न ठरलेली मुलगी, निवेदिता, पाणी घेऊन आली. मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. जत्रेची बातमी वाचून दाखवली, मूळ सहा ओळी मराठीत सांगितल्या. रघुवीरचे हात थांबले.

"म्हातारो खरो?" सत्यवतीने विचारलं. ती उकिडवीच बसली होती, हातात बांगडा तसाच.

"खरा असावा."

"होडी?"

"असावी."

"भाषा कोणाक कळना नाय, ह्या?"

"ते मुळातच आहे."

"मगे खोटा काय?"

"थांबणं. हात जोडणं. आणि ब्राझील."

तिने बांगडा उलटा करून ठेवला. "तो दुसरो देश ब्राझीलापासून लांब?"

"नाही. लागूनच आहे."

"मगे?"

"सत्यवतीबाई, तुम्ही ज्याच्यावरून ओळखलंत तेच नेमकं आमच्या माणसाने मनचं घातलंय."

"पण मॅडम, इंग्रजीतपण आलंय," निवेदिता म्हणाली आणि तिने फोन पुढे केला. कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावर आख्खी गोष्ट होती. ब्राझील, हमाल, थांबणं, सगळं. वर फोटो: समुद्राकडे तोंड करून उभा असलेला एक पाठमोरा म्हातारा. मी तारीख पाहिली. आमच्या अंकानंतरच्या दुसऱ्या दिवसाची होती. कोणीतरी आमचाच अजबखाना इंग्रजीत करून टाकला होता आणि कुठलातरी पाठमोरा म्हातारा वर चिकटवला होता. टिपणीसला सातासमुद्रापार शिष्य मिळाले होते.

मी ते समजावून सांगितलं. रघुवीरला समजलं. त्याने कपाळावर हात मारला.

"पाठ तेचीच आसा," सत्यवती म्हणाली.

"वयनी!"

"तू कित्याक वरडतंस? मी काय तुझ्या चेडवाचा लगीन मोडूक बसलंय?" ती उठली, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. "मंगळवारी तुमचो माणूस शपथ घेवन खरा म्हणालो. आज तुमी खोटा म्हणतास. दोघाय एकाच पेपरातली. आमी खंयच्याचा धरूचा?"

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांना हाच प्रश्न विचारत आले होते.

"भटजीक मी नको म्हणान कळवलंय," रघुवीर शेवटी म्हणाला. "आता परत येवा म्हणान कसा सांगू? मेलो, मगे जितो, मगे परत मेलो. पोरखेळ झालोसा."

"म्हणजे उद्या?"

"उद्या काय नाय." त्याने जाळं बाजूला सारलं. "पन वयनी, किती दिस?"

तिने त्याच्याकडे पाठ केली. मला म्हणाली, "तुमका इंग्रजी येता मा? इचारा तेंका. तो बोलताना थांबता काय, इतक्याच इचारा."

पळसाच्या पानांचा भारा पडवीच्या कोपऱ्यात होता. मी निघाले तेव्हा रघुवीर तो उचलून गोठ्यामागे नेत होता.

दुरुस्ती आली नाही. आठवड्याने टिपणीसने ती चौकट पुन्हा छापली, 'वाचकांच्या आग्रहास्तव'.

वैशाखात निवेदिताचं लग्न झालं. जाणत्या माणसांनी मोडता घातलाच. बेपत्ता माणसाची बायको मांडवात नको म्हणाले. सत्यवती ते दोन दिवस खाडीपलीकडे एका मैत्रिणीकडे राहिली. नवरीने मांडवातून निरोप पाठवला, काकी आली नाही तर अक्षता पडू देणार नाही. काकीने उलट निरोप पाठवला, शहाणी असशील तर पडू दे.

याला नऊ वर्षं झाली. आमची आवृत्ती बंद पडली. परुळेकर निवृत्त झाले. टिपणीस पुण्यात असतो, गोष्ट कशी सांगावी याची शिबिरं घेतो आणि त्याचं स्वतःचं चॅनल आहे. त्यावर 'व्हय म्हाराजा: एका प्रतीक्षेची कथा' नावाचा भाग आहे. त्यात समुद्र आहे, बासरी आहे आणि छातीशी कात्रण धरलेल्या सत्यवतीचा फोटो आहे. 'ही कथा मला सापडली,' असं तो सुरुवातीलाच म्हणतो. मी तो भाग शेवटपर्यंत पाहिला. उरुग्वे त्यात एकदाही येत नाही.

मी पत्रं लिहीत राहिले. वकिलातीला, बंदराच्या कचेरीला, खलाशांसाठी चालणाऱ्या धर्मादाय संस्थांना. वर्षानुवर्षं उत्तर नव्हतं, किंवा योग्य त्या विभागाशी संपर्क साधावा असं उत्तर होतं. सत्यवती दर एक-दोन महिन्यांनी फोन करते आणि एवढंच विचारते, "काय गो, इला?" गेल्या काही वर्षांत कधीतरी ती मला अगो-तुगो करायला लागली.

या श्रावणात एक ईमेल आली. उरुग्वेतल्या त्या बंदरापासून आत, एका गावात निराधार वृद्धांसाठी आश्रम आहे. तिथल्या एका बाईने लिहिलं होतं. होडी मोडीत निघाली. तिच्यात राहणाऱ्या माणसाला आश्रमात आणलं. त्याचं नाव नोंदलेलं नाही. वय साठीच्या पुढे. स्पॅनिश त्याला अजून येत नाही. प्रकृती बरी आहे. फोटो द्यायला तिथल्या कायद्याने परवानगी नाही.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं आणि सत्यवतीचा प्रश्न विचारला. दुसरं काहीही सांगितलं नाही, गाऱ्हाण्याचं तर नाहीच, म्हणजे उत्तर आमच्याकडून उसनं घेतलेलं नसेल. तो माणूस बोलतो का, आणि बोलतो तर कसा?

बाईने लिहिलं की ती तिथे नवीन आहे, तिने त्याला बोलताना ऐकलेलं नाही. सकाळी त्याला उठवून आंघोळ घालणारा सेवक जुना आहे, त्याला माहीत असेल. पण तो रजेवर आहे, सोमवारी कामावर येईल, तेव्हा विचारून कळवते.

आज बुधवार आहे. उत्तर अजून आलेलं नाही. सत्यवतीचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला.